शब्द संपल्यावरची साडेचार मिनिटं

लासूर स्टेशनच्या बाजारात कांद्याच्या आडतीपुढं दोन दुकानं सोडली की एक निळं शटर लागतं. वर पाटी आहे, ‘आशा साऊंड सर्व्हिस’. आशा म्हणजे मालकाची बायको, आशाबाई. मालकाचं नाव कडुबा. बायकोचं नाव दुकानाला दिलं तेव्हा चारचौघं हसले होते. कडुबानं त्यांना एवढंच विचारलं, की कडुबा नावाच्या दुकानातून गोड आवाज निघंल यावर कुणाचा भरवसा बसंल. मग कुणी हसलं नाही.

कडुबा आता अठ्ठावन्नचा आहे. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आलेला, कारण तीस वर्षं त्याच खांद्यावरून भोंगे वाहिले. शाळा दहावीपर्यंत. इंग्रजीत पस्तीस मार्क, आणि ते यानं मिळवले की मास्तरांनी दिले हा वाद गावात अजून मिटलेला नाही. पण याच माणसाला इंग्लंडातल्या बँडांविषयी विचारून बघा. मँचेस्टरचे कोण, शेफील्डचे कोण, कुणाचा ड्रमवाला हाताचा हलका, कोण उगाच मोठ्यानं ओरडतं, सगळं सांगंल. वर असंही सांगंल, की ही गाणी छत्रपती संभाजीनगरातल्या कॉलेजच्या पोरांनी जेवढी ऐकली नसतील तेवढी गंगापूर तालुक्यातल्या बायाबापड्यांनी ऐकली आहेत. हे खोटं नाही. कसं ते ऐका.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. त्या काळात कडुबाचा एक जोडधंदा होता. गावोगावच्या सप्त्यात महाराजांचं कीर्तन टेप करायचं आणि लोकांना कॅसेटी भरून द्यायच्या. कोऱ्या कॅसेटी आणायला तो शहरात गुलमंडीवर जायचा. तिथलं एक जुनं दुकान तेव्हा बंद होत होतं. दुकानदार खाँसाहेबांनी टेबलाखालून एक खोकं ओढलं. आत इंग्रजी कॅसेटी, अर्ध्यांची पन्नीसुद्धा फाडलेली नाही. खाँसाहेब म्हणाले, “लेके जाओ मियाँ. इनको सब नक्को बोलते. टेप अच्छी है, उप्पर से अपना कुछ भी भर लो.”

कोऱ्या कॅसेटीपेक्षा स्वस्त पडत होत्या. कडुबानं खोकं उचललं, पॅसेंजर धरली आणि घरी आला. अशा कॅसेटीवर दुसरं काही भरता येऊ नये म्हणून कंपनी तिच्या डोक्यावरचे दोन चौकोन मोडून ठेवते. त्या भोकांवर कागदाचा तुकडा डकवला की डेक फसतो. हे कडुबाला ठाऊक होतं. त्यानं बसल्या बसल्या चाळीस कॅसेटींना कागद लावले.

पहिल्या कॅसेटीवर ब्लर नावाचा बँड होता. तो न ऐकताच कडुबानं वर कीर्तन भरलं. कीर्तन दोन्ही बाजू मिळून पंचेचाळीस मिनिटांचं, आख्खी कॅसेट त्याहून थोडी मोठी. त्यामुळं महाराजांचा जयघोष संपला की पाठोपाठ तीन मिनिटं विलायती पोरं गायला लागायची. ही कॅसेट शेजारच्या वाडीतल्या एका म्हातारबानं वर्षभर रोज पहाटे लावली आणि एकदासुद्धा तक्रार केली नाही. उलट पुढं कडुबानं दुसरी कॅसेट दिली, तेव्हा म्हणाला, शेवटचं भजन कुठं गेलं?

तर दुसऱ्या कॅसेटीपासून कडुबानं ठरवलं की भरण्याआधी टेप एकदा ऐकायची. कुठं चुरगळली असली तर कळतं. तिन्हीसांजेची वेळ. शटर अर्धं खाली. आत आशाबाईनं भाकरी थापायला घेतलेली. कॅसेट होती स्टोन रोझेस नावाच्या बँडची, आणि नेमकं लागलं ते शेवटचं, आठ मिनिटांचं गाणं.

आधी नुसता ड्रम. दुसरं काही नाही. मग खालून बेसची तार आली. मग माणूस गायला लागला. मग वरून गिटार. एकेक जण असा आला जसा पंगतीत मानाप्रमाणं येऊन बसतो, कुणी कुणाला ढकललं नाही. कडुबाच्या डोक्यात पहिला विचार आला तो गाण्याचा नव्हता, धंद्याचा होता. ड्रमवर खालचे बॉक्स तपासता येतात, बेसवर अ‍ॅम्प्लिफायरचं मशीन, आवाजावर माईकची लाईन, गिटारीवर भोंगे. एका गाण्यात आख्खा सेट तपासून होतो. आणि दुसरा विचार आला तो हा, की हे लई चांगलं आहे. दोन्ही विचार एकाच माणसाला एकाच मिनिटाला आले, म्हणून पुढचं सगळं घडलं.

आशाबाईनं जेवायला हाक मारली, तीनदा. चौथ्यांदा ती पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. हा डेकपुढं उकिडवा बसलेला, डोळे मिटून. तिनं विचारलं, कुणाचं कीर्तन आहे? हा म्हणाला, “इंग्रजायचं.”

त्या खोक्यातल्या कॅसेटींवर कीर्तन भरणं त्या दिवशी बंद झालं. कोऱ्या कॅसेटी परत विकत आणाव्या लागल्या, आणि आशाबाईनं ती गोष्ट पुढं बारा वर्षं सुनावली.

आता साऊंडवाल्याचं काम लोकांना वाटतं तसं नसतं. लग्न असो, जयंती असो, सप्ता असो, भांडण होतं ते आवाजावरून. म्हणून तपासणी. कडुबानं खोक्यातल्या प्रत्येक बँडला काम वाटून दिलं होतं, आणि त्याची मतं त्या कामातूनच तयार झाली. पेपरात वाचून नाही.

पल्प होता शब्दांसाठी. त्यांचा गाणारा माणूस गात नाही, शेजारणीच्या ओट्यावर बसून दुसऱ्याच्या घरातलं काहीतरी सांगत असतो, असं कडुबाचं म्हणणं. त्यामुळं शब्द शब्द सुटा. पल्प लावायचा आणि पांदीतून अर्धा किलोमीटर चालत जायचं. तिथं शब्द सुटे ऐकू आले की भोंग्याचं तोंड बरोबर आहे. इंग्रजी कळत नसली तरी शब्द सुटा आहे की चिकटलेला, एवढं कुणालाही कळतं.

स्मिथ्स होता बारीक आवाजासाठी. त्यांची गिटार म्हणजे नव्या जोडव्यांनी फरशीवरून चालावं तशी. गाणारा मात्र सासुरवाशिणीसारखा कायम गाऱ्हाणं घेऊन आलेला. पण गाऱ्हाणं सुरात आहे म्हणून ऐकून घ्यायचं, असा कडुबाचा निकाल.

ओअ‍ॅसिस होता जनरेटरसाठी. या बँडचे लोक जागा म्हणून सोडत नाहीत. टेम्पोत गोण्या कोंबाव्यात तसं गाणं कोंबतात, वरून दोन माणसं बसवतात आणि मग दोर आवळतात. ओअ‍ॅसिस पूर्ण आवाजात चालला आणि जनरेटरनं दम टाकला नाही, की वरात निघायला हरकत नाही. चाली मात्र राजा आहेत, हे तो मान्य करतो. त्या बँडात दोन भाऊ. भांडले आणि सोळा वर्षं एका स्टेजवर आले नाहीत. पंचवीस साली परत आले. ही बातमी कडुबानं मोबाईलवर आशाबाईला वाचून दाखवली, तेव्हा ती शेंगा फोडत होती. वर न बघता म्हणाली, “इंग्रजायनं मिटवून घेतलं. तुमचं आन् भाऊजीचं कधी मिटायचं?” कडुबा आणि त्याचा थोरला भाऊ गोकुळ बोअरच्या पाळीवरून तीन वर्षं बोलत नव्हते. कडुबानं मोबाईल खिशात घातला, चप्पल घातली आणि गोकुळच्या मळ्यात गेला. दोघांनी काय बोलून मिटवलं ते कुणाला माहीत नाही, पण ओअ‍ॅसिसबद्दलचं कडुबाचं मत त्या दिवसापासून थोडं सुधारलं.

रेडिओहेड होता हमसाठी. अर्थिंग नीट नसलं की भोंग्यात माशी अडकल्यासारखा आवाज येतो, त्याला हम म्हणतात. रेडिओहेडच्या गाण्यांत मोकळ्या जागा फार, त्या जागेत हम बरोबर पकडला जातो. कडुबाला या बँडविषयी मोठा आदर, पण मंगल कार्यात तो लावत नाही. एकदा पिशोरला एका लग्नात लावला होता. मंडप सजत होता, नवरीची आई तांदूळ निवडत बसली होती. शब्द एक कळत नव्हता, पण पहिल्या गाण्यालाच तिनं पदर डोळ्याला लावला. दुसऱ्या गाण्याला आत्या रडली. तिसऱ्याला नवरीचा बाप येऊन म्हणाला, बाबा, पाठवणी संध्याकाळी आहे, आतापासून कशाला.

आणि राहिला ब्लर, जो त्यानं पुढं मोबाईलवर ऐकला. हुशार पोरं, दर गाण्याला नवा वेष. पण कीर्तनाखाली गेली त्याचं कडुबाला वाईट वाटत नाही. हुशारी दाखवायची गरज पडते तोवर ती पुरी पिकलेली नसते, असं तो म्हणतो.

या सगळ्यांच्या वर स्टोन रोझेसचं ते गाणं. तपासणीची सुरुवात त्यानंच व्हायची. सत्तावीस वर्षं, दर कार्यक्रमाला. म्हणून त्याला सगळीकडं ‘टेस्टिंगचं गाणं’ असं नाव पडलं.

इथं एक गंमत झाली होती. त्या गाण्यात माणूस पावणेचार मिनिटांच्या आसपास गायचा थांबतो आणि पुढं साडेचार मिनिटं नुसती वाद्यं चालतात. कडुबाची तपासणी शब्द संपेपर्यंत उरकायची. तिथं तो बटण हळूच खाली आणायचा, माईक हातात घ्यायचा आणि म्हणायचा, “हॅलो, हॅलो.” हाताला तशी सवयच लागली. आणि आपल्याकडं शब्द संपले की गाणं संपलं, मागं वाद्य एकटं कशाला थांबेल? त्यामुळं पंचक्रोशीला वाटत आलं, की ते गाणं तेवढंच आहे आणि ‘हॅलो, हॅलो’ ही त्याची शेवटची ओळ आहे. बाया कापूस वेचताना ती चाल गुणगुणायच्या आणि शेवटी बरोबर सुरात ‘हॅलो, हॅलो’ म्हणायच्या. एका शाळेच्या गॅदरिंगला चौथीच्या पोरांनी बाक वाजवून आख्खं गाणं बसवलं, तोंडानं ड्रम, नाकानं बेस, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून, ‘हॅलो, हॅलो’. पहिला नंबर आला. कडुबा साऊंडला तिथंच होता. त्या रात्री त्यानं आशाबाईला दोनदा तीच गोष्ट सांगून झाल्यावर तिनं दिवा मालवला.

कडुबाला एकच मुलगी, मंजुषा. शिकून शहरात नोकरीला लागली आणि सिडकोत राहते. तिनंच कॅसेटी गेल्यावर सगळी गाणी पेनड्राइव्हवर भरून दिली. तिचा नवरा प्रणय. जावई मिळाला तो नेमका याच गाण्यांचा वेडा, पण शहरी पद्धतीचा. त्याच्याकडं मोठमोठे हेडफोन, जुन्या तबकड्या, आणि मतं सगळी छापील. गेल्या दिवाळीला सासरा-जावयाची त्यावरून जुंपली. प्रणयचं म्हणणं, रेडिओहेडच्या वर कुणी नाही. कडुबानं विचारलं, “जावईबापू, तुम्ही त्यायला ऐकलं कुठं? कानात. मोकळ्यात सोडून बघा. वारं आडवं असलं की कोण टिकतं ते मंग सांगा.” प्रणय हसला. आणि मग त्यानं अगदी साधा प्रश्न विचारला.

“मामा, तुम्ही ते टेस्टिंगचं गाणं मोकळ्यात पूर्ण कधी लावलं?”

कडुबानं हातातला लाडू परत बशीत ठेवला. आशाबाई चिवडा वाढत होती, तीसुद्धा थांबली. प्रणयला वाटलं आपण काहीतरी वावगं बोललो. तो म्हणाला, की खरी मजा तर पुढच्या साडेचार मिनिटांत आहे. कडुबाला ते माहीत का नव्हतं? दुकानात शटर ओढून त्यानं ती साडेचार मिनिटं शेकडो वेळा ऐकली होती. पण लोकांपुढं, आपल्या भोंग्यांवर, उघड्या आभाळाखाली, एकदाही नाही. सत्तावीस वर्षं लोकांना अर्धं गाणं देऊन आपण वर मिशीला पीळ देत होतो, ही गोष्ट त्याला त्या दिवशी पहिल्यांदा बोचली. आणि वेळही फार उरला नव्हता. खांदा आता साथ देत नव्हता. सिल्लोडच्या राजेंद्रनं सगळा सेट विकत घ्यायचं कबूल केलं होतं, तो संक्रांतीनंतरच्या सोमवारी गाडी घेऊन येणार होता. बघता बघता हाती एकच कार्यक्रम उरला, आदल्या दिवशीचा, रविवारचा. लावायचं तर तिथंच, नाहीतर राहिलं ते राहिलं.

तो कार्यक्रम होता लासूरपासून सात-आठ किलोमीटरवरच्या गावात. सरपंच अप्पाराव यांनी बौद्धवाड्याच्या कडेला पोरांसाठी अभ्यासिका बांधून घेतली होती. जागा दिली होती पारूबाईनं, स्वतःची दोन गुंठे. पारूबाई सत्तरीच्या पुढची, शाळेचं तोंड न बघितलेली. पण तिची नात तलाठ्याच्या परीक्षेत पास झाली, तेव्हापासून पुस्तकाला ती दोन्ही हातांनी धरते. उद्घाटनाला एक मोठे साहेब येणार होते. इमारत झाली होती, वरच्या मजल्याचं काम साहेबांच्या एका सहीवर अडलं होतं, म्हणून अप्पाराव सकाळपासून पाय भाजल्यासारखे इकडून तिकडं पळत होते. त्यांनी कडुबाला जय भीम घातला आणि बजावलं, की साहेबांच्या गाडीचं दार वाजलं की तुमचा आवाज बंद पाहिजे. कडुबा म्हणाला, हे मला सांगायची आजवर कुणावर पाळी आली नाही. तेही खरंच होतं. लोक कडुबाला बोलवायचे ते त्याच्या मशीनसाठी कमी आणि या शिस्तीसाठी जास्त. पाहुणा आला आणि कडुबाचं गाणं चालूच राहिलं, असं एकदाही घडलेलं नव्हतं.

वेळ चारची दिली होती. शहरातून मंजुषा आणि प्रणय मुद्दाम आले होते, आशाबाईही होती. चार वाजले, साडेचार झाले. पोरांचं स्वागतगीत दोनदा म्हणून झालं. पाच वाजता माणसं उठायला लागली, कुणाच्या म्हशी, कुणाची पाण्याची पाळी. अप्पारावांनी येऊन सांगितलं, कडुबा, काहीतरी लावा, मंडप रिकामा होतोय.

कडुबानं ओअ‍ॅसिस लावला, थोडा पल्प लावला. माणसं बसली. प्रणय मशीनपाशी येऊन कानाशी लागला, की मामा, या बँडांचं मला दिवाळीत सांगितलं ते यांना सांगा. कडुबानं ‘हॅलो’च्या पलीकडं माईकवर आयुष्यात शब्द काढला नव्हता. पण सेटचा शेवटचा दिवस होता. त्यानं माईक उचलला आणि सांगायला लागला. हे दोन भाऊ, हे असे भांडले, असे आले. हा शेजारणीला सांगतो तसा गातो. लोक हसायला लागले, विचारायला लागले. मागून एकानं ओरडून विचारलं, की मंग इंग्रजायमध्ये एक नंबर कोण? कडुबा म्हणाला, “तुमालाच ठावं हाय. रोज तर म्हणता.” आणि टेस्टिंगचं गाणं लावलं.

ड्रम सुरू झाला तशी पुढं बसलेली पोरं मांडीवर ताल धरायला लागली. बेस आला. माणूस गायला. बायांनी चाल धरली, तोंडातल्या तोंडात. पावणेचार मिनिटं झाली, शब्द संपले, आणि पुढच्या चाळीस-पन्नास पोरांनी एका आवाजात म्हटलं, “हॅलो, हॅलो.”

कडुबाचा हात सवयीनं बटणावर गेला होता. तो त्यानं उचलला आणि पाठीमागं नेऊन दुसऱ्या हातात धरला.

गाणं चालूच राहिलं.

लोकांनी एकमेकांकडं बघितलं. कुणाला वाटलं बटण बिघडलं. पोरं तोंडं उघडी टाकून भोंग्याकडं बघायला लागली, जणू भोंग्यातून आणखी कुणी उतरणार आहे. आणि वाद्यं अशी निघाली, जसे बैल ओळखीच्या रस्त्याला लागल्यावर कासरा सैल सोडावा. गिटारनं काहीतरी म्हणावं, बेसनं ते खालून उचलावं, ड्रमनं दोघांना पुढं घालावं. मधेच सगळं हलकं पडलं. मागच्या रांगेत गोधडी पांघरून बसलेला एक म्हातारा म्हणाला, संपलं. संपलं नव्हतं. परत उचललं, आधीपेक्षा भरात. प्रणयचे डोळे पाणावले होते. वारं पश्चिमेचं, आडवं, पण एक सूर हलला नाही. कडुबा ताठ उभा होता, आणि उजवा खांदा त्या दिवशी डाव्याच्या बरोबरीला आला होता, असं आशाबाई अजून सांगते.

तेवढ्यात शिवेवर धुरळा दिसला. तीन गाड्या. कमानीपाशी येऊन थांबल्या आणि पहिल्या गाडीचं दार वाजलं. गाण्याचं अजून दीड मिनिट बाकी होतं.

अप्पारावांनी कमानीकडं धावता धावता वळून हात आडवा फिरवला, की बंद. कडुबानं ते पाहिलं. त्यानं साहेबांच्या गाडीकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं. पाठीमागचा हात सुटून पुढं आला आणि बटणावर जाऊन बसला. शेवटी शिस्त ती शिस्त. सत्तावीस वर्षांचं नाव होतं, आणि अभ्यासिकेतल्या पोरांचा वरचा मजला होता.

पारूबाई पहिल्या रांगेत बसली होती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, दोन पावलं पुढं आली आणि कडुबाच्या मनगटावर हात ठेवला. धरला नाही, नुसता ठेवला.

“ऱ्हाऊ दे रं. ते दीड तास उशिरा आले. आपण एक मिनिट उशिरा बंद करू.”

“माय, अप्पाराव हात करू लागले.”

“अप्पारावला मी बघते. जागा माझी हाय.”

हे बोलणं मशीनपाशी झालं. कमानीपर्यंत ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण अप्पारावांनी कमानीतून मागं बघितलं. गाणं बंद झालेलं नव्हतं, पारूबाई मशीनपाशी उभी होती, आणि मंडपातलं एक माणूससुद्धा साहेबांकडं तोंड वळवून बघत नव्हतं. सगळे भोंग्याकडं कान लावून बसलेले. अप्पारावांनी क्षणभर विचार केला. फेटेवाल्यानं आधीच बांधून ठेवलेला फेटा साहेबांच्या डोक्यावर बसवला होता, चांगला घट्ट, तुरा वर. साहेब पाऊल टाकणार तोच अप्पाराव वाकून म्हणाले, “साहेब, फेटा जरा सैल बसला. फोटोत दिसंल.” आणि फेटेवाल्याकडं वळून त्यांनी बोटानं खूण केली, की सोड आणि परत बांध. फेटेवाला गोंधळला. अप्पारावांनी डोळे मोठे केले. फेटेवाल्यानं आठ मीटरचा फेटा सोडला, झटकला आणि पहिल्या टोकापासून सुरुवात केली. अशा कामाला घाई करून चालत नाही. साहेब मान सरळ धरून उभे राहिले, कारण फेटा बांधताना मान हलवता येत नाही.

तिकडं शेवटचा वळसा आला. वाद्यं एकदा सगळी एका जागी आली आणि गाणं आपलं आपण थांबलं. कुणी बटण खाली आणलं नाही.

टाळ्या वाजल्या नाहीत. आपल्याकडं सांगितल्याशिवाय टाळ्या वाजवत नाहीत. थोडा वेळ नुसती शांतता, आणि तीत हम नव्हता.

“झालं?” पारूबाईनं विचारलं.

“झालं, माय.”

ती पदर नीट करत म्हणाली, “हे चांगलं केलं त्यायनं. पर पयल्या भागात तो बाबा लई बोलतो. एवढं वाजवता येतंय तर कशाला बोलावं?”

कडुबाला ते पटलं नाही. आधी बोलून घेतलं म्हणून नंतरचं गप्प राहणं शोभलं, असं त्याचं मत पडलं, आणि ते त्यानं तिला सांगितलं. तिनं मान हलवली, पण पटल्याची नव्हे. मागून गोधडीवाला म्हातारा म्हणाला, की तुमचं दोघायचं चुकलं, खरी करामत ढोलवाल्याची. बाजूच्या बाईनं विचारलं, मग ती खालची तार काय फुकट होती का. प्रणय मंजुषाला म्हणाला, छापील मतं मी उद्यापासून सोडली.

साहेब आले, नव्यानं बांधलेला फेटा सांभाळत स्टेजवर चढले. बसता बसता त्यांनी अप्पारावांना विचारलं, की आत्ता ते कुठलं गाणं चाललं होतं, कुणाचं आहे?

अप्पारावांनी एकदा मशीनपाशी उभ्या असलेल्या कडुबाकडं बघितलं, एकदा पारूबाईकडं.

“आमच्याच भागातलं हाय, साहेब,” ते म्हणाले. “लोकायला पाठ हाय.”

कडुबानं साहेबांचा माईक चालू केला आणि आवाज असा लावला, की शेवटच्या रांगेत शब्द शब्द सुटा पोचावा.